प्लॉट नव्हे, ब्लॉग

खणभाग, सांगली
रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय लालासाहेब यास,

अनंताचा नमस्कार, आणि मंगलवहिनींना वेगळा नमस्कार. (तुझ्याकडे दिलेला नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचत नाही असा माझा जुना अनुभव आहे, म्हणून हे पत्र वाचून झालं की त्यांच्या हातात दे. ताजा कलम मात्र फाडून घे आणि मगच दे. का ते पुढे कळेल.) तुझी साखर आटोक्यात असेल, ऊस वेळेवर तुटून गेला असेल आणि साईराजची बदली घराजवळ झाली असेल असं धरून चालतो. आमच्याकडे चारुशीलाच्या गुडघ्यांनी थंडीत जरा कुरकुर केली, आता बरी आहे. माझं उत्तम चाललंय. डाव्या कानाला किंचित कमी येतं, पण बत्तीस वर्षं छापखान्यात ट्रेडल मशिनशेजारी उभा राहिलेला माणूस मी, तेवढं चालायचंच.

खिशात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर गड्या, दिवाळीच्या पाडव्याला आपण फोनवर जे बोललो ते मी अजून निस्तरतोय. मी कोरेगावात, साताऱ्यात किंवा आणखी कुठेही प्लॉट घेतलेला नाही. मी ब्लॉग सुरू केलाय. चारू आणि मंगलवहिनींनी मागाहून आपापल्या घरात ऐकलेलं अर्धं अर्धं संभाषण एकमेकींना सांगून जुळवलं, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. मी म्हणालो, ब्लॉग सुरू केलाय. तू विचारलंस, किती गुंट्याचा? मला ऐकू आलं, किती घंट्याचं काम, म्हणून मी खरं ते सांगितलं, तीन-चार. त्यावर तू म्हणालास, रस्ता हाय का? मी ऐकलं, सस्ता हाय का (तू पलटणीतून आल्यापासून तुझ्या बोलण्यात हिंदी कुठून उगवेल याचा नेम नसतो), म्हणून म्हणालो, अरे फुकट आहे, एक पैसा पडला नाही. झालं. आठ दिवसांत कोरेगावच्या बाजारात पसरलं की सांगलीच्या अनंताला साताऱ्यात चार गुंठे फुकटात मिळाले. मला दोन एजंटांचे, एका वकिलाचे आणि माझ्या सख्ख्या चुलतभावाचे फोन आले. चुलतभाऊ बारा वर्षांनी बोलला. ही जमीन आपल्या आजोबांच्या नावावरची तर नव्हे ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या तुझ्या कानांना मी दोष देत नाही. नेटवर्कच वाईट होतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

आता ब्लॉग म्हणजे काय ते नीट सांगतो. आपण लिहायचं, ते नेटवर जातं आणि कुणीही फुकट वाचतो. वाचणाऱ्याला मधे मधे जाहिराती दिसतात, आणि त्या दाखवल्याबद्दल एक परदेशी कंपनी लिहिणाऱ्याला डॉलरमध्ये काहीबाही देते. छापखाना बंद केला तेव्हा मशीन भंगारात गेलं, पण लग्नपत्रिकांच्या मजकुरांचे नमुने माझ्याकडे तीन खण भरून होते. आता पत्रिका फोनवर जातात, छापून कुणी घेत नाही. पण मजकूर तर लागतोच, आणि तो कुणाला येत नाही. आईचं नाव आधी की आजीचं, मामा एका ओळीत बसत नसतील तर कुठल्या मामाला खाली ढकलायचं, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ यात किती पोरांची नावं घालायची (हद्द माझ्याकडे झाली ती एकोणतीस पोरांची, पलूसचं घर होतं), हे सगळं ज्ञान घेऊन मी नुसता बसलो होतो. पुण्याहून वरद आला तेव्हा म्हणाला, बाबा, लोक हेच नेटवर शोधतात, टाका. मी टाकलं. ब्लॉगचं नाव ‘मजकूर’. सहा महिन्यांत रोज दीडशे माणसं यायला लागली, आणि कंपनीनं माझा पत्ता खरा आहे का हे बघायला टपालानं एक लिफाफा धाडला. त्यात एक आकडा असतो, तो आपण नेटवर भरायचा. तो लिफाफा चारूनं विम्याची जाहिरात समजून रद्दीत घातला. मग दुसरा मागवला. तो येईपर्यंत दीड महिना मी पोस्टमनला चहा पाजत होतो.

जाहिरात कुठे दिसावी हे कंपनी आपल्या मनानं ठरवते, आणि तिला लग्न या गोष्टीची अजिबात समज नाही. माझ्या मजकुरात वराच्या आणि वधूच्या नावामध्ये ती हटकून काहीतरी घुसवायची. चि. ऋषिराज, मग पोट साफ होण्याचं चूर्ण, मग चि. सौ. कां. रेश्मा. मी त्यांना लिहिलं की या दोघांमध्ये आमच्याकडे फक्त अंतरपाट धरतात आणि तोही थोडाच वेळ. उत्तर नाही. तासगावच्या एका संगणकवाल्यानं माझा मजकूर बघून बघून जसाच्या तसा टाइप केला, आणि मधे घुसलेल्या त्या चौकटीच्या डोक्यावर कंपनी जो शब्द लिहिते तोही केला. पत्रिकेत आलं, ‘जाहिरात चि. सौ. कां.’ आणि पुढे मुलीचं नाव. मुलीच्या बापानं मला फोन करून काय काय सुनावलं ते मला नीटसं कळलं नाही. मी आपलं हो हो म्हणत गेलो. चारूनं नंतर सांगितलं की माझं हो हो फार चुकीच्या ठिकाणी पडत होतं.

हे तरी बरं म्हणायचं अशी गोष्ट मार्गशीर्षात झाली. ब्लॉगच्या तळाशी मी लिहिलं होतं, ‘मजकूर लिहून मिळेल’, आणि माझा फोन नंबर. वरद म्हणत होता, नंबर देऊ नका, मेसेजवर घ्या. मी ऐकलं नाही. तर कोइमतूरहून एका गृहस्थांचा फोन आला. मूळ विट्याजवळचे, तिकडे सोनं गाळायचं दुकान, नाव कैलास. (आडनाव लिहीत नाही, प्रकरण अजून ताजं आहे.) त्यांच्या मुलीचं, अपेक्षाचं, लग्न. भट्टीचा आवाज चाललेला, आणि हा माणूस नावं सांगतोय. मुलीच्या बापाचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी आपलं नाव वडिलांच्या नावासकट एका दमात सांगितलं, कैलास तात्याबा अमुक. मी ऐकलं, कैलासवासी तात्याबा अमुक. बत्तीस वर्षांची सवय, हात थांबला नाही. लिहिलं, ‘कै. तात्याबा यांची ज्येष्ठ कन्या’. लाला, एका शब्दात मी काय काय केलं बघ. तात्याबा म्हणजे मुलीचे आजोबा, वय चौऱ्याऐंशी, रोज रानात चक्कर मारणारे, त्यांना मी मारलं. कैलासरावांना पत्रिकेतून पार पुसलं. आणि अपेक्षा तात्याबांची कन्या झाल्यामुळे ती पोरगी स्वतःचीच आत्या झाली. कैलासरावांनी भट्टीपुढे उभ्या उभ्या तो मजकूर न वाचता पुढे पाठवला, कुणीतरी त्याला सोनेरी महिरप लावली, आणि ती पत्रिका चारशे फोनांवर गेली.

तात्याबांना ती गावातल्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी वाचून दाखवली. त्यांनी कप खाली ठेवला, घरी आले आणि जाहीर केलं की आपण लग्नाला येणार नाही. सुनेनं कारण विचारलं तर म्हणाले, “मी मेलोय न्हवं? छापून आलंय. मेल्याला माणूस लग्नाला कसा यील?” आठवडाभर हेच. कुणी पाया पडलं तरी हेच. शेवटी कैलासरावांचा मला निरोप आला की चूक तुमची, तुम्हीच येऊन समजूत काढा. मी आणि चारू एसटीनं विट्याला गेलो, तिथून वडापच्या जीपनं त्यांच्या गावी. लाला, आयुष्यात मी एक चूक छापून बाहेर जाऊ दिली नव्हती. नागज घाटापर्यंतच्या पत्रिका माझ्याकडे यायच्या त्या याच एका गोष्टीसाठी. त्या वडापमध्ये गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो तेव्हा मला घरी परत जावंसं वाटत होतं.

म्हातारा सोप्यात बाजेवर बसला होता, भोवती सगळं घर उभं. मी हात जोडले, चूक झाली म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी विचारलं. पंखा घरघरत होता, मला त्यात फक्त कैलास एवढं ऐकू आलं. फोन कैलासनं केला होता का, असं विचारत असणार असं समजून मी म्हणालो, हो. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. प्रश्न असा होता, “मला मेला म्हणून लिवा आसं कुणी सांगितलं, आमच्या कैलासानं?” म्हणजे क्षमा मागायला गेलेल्या माणसानं बापलेकात कायमची आग लावली. म्हातारा काठी टेकत उभा राहिला. तेव्हा चारू पुढे झाली आणि त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली. दोनच वाक्यं. काय बोलली ते मला कळलं नाही. तात्याबांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि लाला, त्या चेहऱ्यावरचा राग असा उतरला की मीच घाबरलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला बाजेवर शेजारी बसवलं, चहा मागवला, आणि निघताना डाळिंबांची पिशवी दिली. लग्नाला आले, पहिल्या रांगेत बसले. मला वाटलं, माझ्या प्रामाणिकपणाचा परिणाम. घरी येईपर्यंत मी चारूला तेच सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती.

आता संतापाची गोष्ट ऐक. ती ‘कै.’वाली पत्रिका खानापूर तालुक्यात फोनाफोनांवर फिरली, आणि कुणा कामसू माणसानं तिच्याखाली माझ्या ब्लॉगचा पत्ता जोडला. हा बघा तो लिहिणारा म्हणून. एका आठवड्यात अकरा हजार माणसं माझ्याकडे येऊन गेली. कुणाला मजकूर नको होता, सगळे हसायला आलेले. पण जाहिराती त्यांनाही दिसल्याच, आणि आधीच्या दहा महिन्यांत झाली नव्हती एवढी कमाई त्या आठवड्यात झाली. पैसे हातात पडण्यासाठी शंभर डॉलर व्हावे लागतात, तो आकडा माझ्या बेअब्रूनं ओलांडला. बत्तीस वर्षं एकही चूक न करता मी कसंबसं घर चालवलं, आणि एक चूक केली तर थेट परदेशातून पैसे. वरदनं अभिनंदनाचा मेसेज पाठवला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती त्या म्हाताऱ्याबद्दल. तात्याबांबद्दल नव्हे, जाहिरातीतल्या. दिवाळीत वरद आणि सूनबाई सई आली होती. सईनं तिच्या फोनवर ब्लॉग बघायला उघडला, तर वरतीच एक पिकल्या केसांचा माणूस कानामागे बोट लावून हसतोय आणि शेजारी एक नात. कानाचं यंत्र. ‘आता घरच्यांचं बोलणं पुन्हा ऐका.’ मी म्हटलं, असेल. मग वरदच्या फोनवर तोच. चारूच्या फोनवर तर प्रत्येक पानावर तोच, वर एक, खाली एक. मग डिसेंबरात तू ब्लॉग उघडलास (प्लॉट नाही हे तेव्हा तरी कळलं असेल ना तुला?) आणि फोटो काढून मला धाडलास, खाली लिहिलंस, “आरं तू कानाची मशिनं इकाय लागलास व्हय?” तोच हसरा म्हातारा. माझं डोकं फिरलं. ज्यांची लग्नं ठरलीत ती पोरं माझा ब्लॉग वाचतात. त्यांना कानाची यंत्रं कशाला? मी कंपनीला तीन पत्रं लिहिली, शेवटचं जरा कडक. उत्तर आलं ते आपोआप येणारं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.

मग मला सापडलं की नको त्या वर्गाच्या जाहिराती आपल्याला बंद करता येतात. मी कानाचा सगळा वर्ग बंद केला. कमाई घसरली, घसरू दे म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चारू ओट्याशी फोन टेकवून पेपर वाचत होती, मी तिच्या खांद्यावरून डोकावलो, तर पेपरात तोच म्हातारा. माझ्या ब्लॉगवर नव्हे, भलत्याच पेपरात. म्हणजे हा माणूस माझ्या ब्लॉगचा नव्हता. मी चहा घेऊन बसलो आणि कंपनीची मदतीची पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. मराठीत आहेत म्हणे. एके ठिकाणी होतं, ‘येथे जाहिराती वाढल्या जातात’, म्हणजे पानात भात वाढतात तशा. मी सवयीनं पेन्सिल घेऊन कागदावर दुरुस्त्या उतरवायला लागलो, आणि त्या नादात चौथ्या पानावरचं एक वाक्य दुरुस्त करता करता मला त्याचा अर्थ लागला. जाहिरात ब्लॉगवरून ठरतेच असं नाही. बघणाऱ्यानं आपल्या फोनवर आधी जे शोधलं असेल, तेच त्याच्या मागे मागे येतं.

मी कागदावर नावं लिहिली. म्हातारा कुणाकुणाला दिसला: चारू, वरद, सई, आणि तू. माझ्या स्वतःच्या फोनवर मात्र कधीच दिसला नव्हता. माझ्या फोनवर कागद कापायची मशिनं दिसतात, आणि गुडघ्याचं तेल, कारण चारूसाठी मी ते शोधलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिला सरळ विचारलं, तुम्ही सगळे मिळून माझ्यासाठी कानाचं यंत्र शोधताय का? तिनं गॅस बंद केला. दोन वर्षं, म्हणाली. आधी तिनं शोधलं, मग वरदला सांगितलं, मग सई किमती काढायला लागली, पण तोंडावर सांगायचं कुणी हे ठरेना, कारण विषय काढला की मी नेटवर्कला शिव्या देतो. विट्याला तात्याबांना काय सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाली, हेच सांगितलं, यांना ऐकू येत नाही, आणि येत नाही हे कबूल करवत नाही. म्हणजे ती डाळिंबं माझ्या प्रामाणिकपणाची नव्हती.

मी काहीतरी फटकन बोलणार होतो. एवढी काय अडचण होते तुम्हाला, जरा मोठ्यानं बोललात तर काय बिघडतं, असलंच काहीसं बोललो म्हण ना. तेव्हा ती माझ्या समोर आली, उजव्या बाजूला, आणि सावकाश म्हणाली, “ओरडून फक्त कामाचं बोलता येतं हो. दूध आलं, गॅस संपला, जेवायला या. बाकीचं ओरडून बोलता येत नाही. म्हणून मी बोलतच नाही आता.”

लाला, मला खरंच हे लक्षात आलं नव्हतं. घर शांत झालंय असं मला वाटायचं, आणि ते मला आवडायचं. ती पाठमोरी होऊन कधी काही बोलली आणि मी ‘काय म्हणालीस?’ विचारलं की ती म्हणते, काही नाही. मी समजायचो की खरंच काही नसेल. दोन वर्षांतली तिची ‘काही नाही’ किती झाली असतील याचा विचार करत मी तिथेच स्टुलावर बसलो. ती पुन्हा ओट्याकडे वळली. मग तिचा खांदा हलल्यासारखा वाटला, म्हणजे ती बोलली असावी. मी विचारलं, काय म्हणालीस? तिनं वळून पाहिलं आणि पहिल्यांदाच परत सांगितलं. म्हणाली, भाजीत मीठ जास्त झालंय. एवढंच होतं, पण मी फार खूष झालो.

तेव्हा आता तुझ्याबद्दल. ही माझी माणसं माझ्यासाठी शोधत होती हे कळलं. पण तुझ्या फोनवर तो म्हातारा कसा आला? तू माझ्यासाठी शोधत होतास म्हणावं, तर चारूला विचारलं, ती म्हणाली भाऊजींना आम्ही काहीच बोललो नव्हतो. मंगलवहिनींचा फोन वेगळा आहे. म्हणजे कोरेगावात बसून तू स्वतःच, स्वतःच्या बोटानं, कानाचं यंत्र शोधलंस, आणि मग माझ्या ब्लॉगवर ते दिसलं तेव्हा मला हसलास. तोफांशेजारी अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसानं ते शोधू नये असं मी म्हणत नाही. पण निदान मला सांगायचं होतंस. आपण दोघं पाडव्याला पंचवीस मिनिटं एकमेकांना ओरडून जमीन विकत घेत होतो, तेव्हा तरी शंका यायला हवी होती. मला आली नाही, कारण मी तुझ्या कानांना दोष देत होतो. तू माझ्या कानांना देत असशील.

असो. बाकी सगळं ठीक आहे. ब्लॉग चालू आहे, लगीनसराई तोंडावर आहे, वैशाखात बऱ्यापैकी माणसं येतील असं दिसतं. अशी घरबसल्या कमाई साठीनंतर कुणाला मिळते, हेही खरंच आहे. मंगलवहिनींना सांग, चारू विचारत होती की गव्हल्या करणार आहात का यंदा. साईराजला आशीर्वाद. वेळ काढून सविस्तर लिही. अक्षर मोठं काढलंस तर उपकार होतील.

तुझा,
अनंत

ता. क. – वर ब्लॉग चालू आहे असं लिहिलं ते सकाळी लिहिलं. आता दुपार झाली. मधल्या वेळात काय झालं ते सांगतो. परवा मी कानाचा बंद केलेला वर्ग परत उघडला, आणि गुपचूप माझ्याच फोनवर यंत्रांची माहिती शोधली. लगेच माझ्या ब्लॉगवर मलाही तो म्हातारा दिसायला लागला. हसतच होता. मी त्याच्यावर बोट दाबलं. मिरजेच्या एका कानाच्या डॉक्टरांचा अर्ज उघडला. तो भरून पुढे जाईना, म्हणून मागे आलो, पुन्हा दाबलं. असं अकरा वेळा. आज कंपनीचं पत्र आलं. स्वतःच्या ब्लॉगवरची जाहिरात स्वतः दाबणं हा त्यांच्याकडे सगळ्यांत मोठा गुन्हा आहे. खातं बंद, आणि शंभर डॉलरही परत घेतले. वर्षभरात त्यांनी माझ्या एकाही पत्राला धड उत्तर दिलं नव्हतं, हे पत्र मात्र मी काही न लिहिता आलं. घरात अजून सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा (हाच तो फाडून घ्यायचा) – अर्ज अकरा वेळा भरावा लागला, कारण त्यात एका वेळी एकच रुग्ण बसतो आणि मला दोन नावं बसवायची होती. मंगळवार, १० मार्च. कोरेगावहून सकाळच्या गाडीनं थेट मिरजेला उतर, मी स्टेशनवर उभा असेन. मी चारूला सांगितलंय की लालाचे कान दाखवायचे आहेत, एकटा यायला तो लाजतो, म्हणून मी बरोबर जातोय. तू मंगलवहिनींना माझं नाव सांग. दोन्ही अर्जांत खाली ‘सोबत कोण’ असा रकाना होता, तो मी भरलाय. अकरा वाजता तू रुग्ण, मी सोबत. साडेअकराला मी रुग्ण, तू सोबत. घरी कुणी विचारलं, तर प्रत्येकानं आपली सोबतीची वेळ तेवढी सांगायची.